धाकट्याच्या मानेतली सुई

या, बसा. घाई असेल तर आत्ताच सांगा, कारण ही गोष्ट अर्ध्यावर सोडून उठण्यातली नाही. एका लॉन्ड्रीतल्या धाकट्या भावाची सांगतो. खरं म्हणजे त्याच्या बायकोची, कारण तापली ती. मधेमधे हसू येईल, तेव्हा हसा, माझी ना नाही. पण शेवटाला तुमचं डोकं थोडं तरी गरम झालं नाही, तर मलाच नीट सांगता आली नाही असं समजा.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, टॉवेलांचे डोंगर. पुढं काउंटर. मधे धुण्याची मशिनं, माणूस आत उभा राहील एवढाली. त्यापलीकडं गरम रूळ. त्यांच्यातून ओली चादर आत जाते आणि पत्र्यासारखी ताठ होऊन बाहेर येते. आणि अगदी मागच्या खोलीत बॉयलर. सगळ्या धंद्याची वाफ त्याच्या पोटातली. बॉयलरला एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. पाणी खुणेच्या खाली गेलं आणि आग तशीच चालू राहिली, तर मग देवच वाली. त्या नळीसमोर एक स्टूल. स्टुलावर धाकटा.

काउंटरवर थोरला. घड्या घालायच्या टेबलापाशी त्याची बायको, थोरली. दारातल्या खुर्चीत म्हातारी आई, येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवायला. आणि धाकट्याची बायको, धाकटी, गाडी चालवायची. मळके गठ्ठे आणायचे, धुतलेले पोचवायचे. त्या दोघांना शाळेत जाणारी एक मुलगी. बिऱ्हाड सगळ्यांचं लॉन्ड्रीच्या वरच.

धाकट्याला भीतीचा आजार होता. भित्रा होता असं नाही म्हणत मी, आजार होता. बसल्या जागी काळीज असं धडधडायचं की शर्टावरून दिसावं. तळहात ओलेचिंब, बोटांना मुंग्या, श्वास अर्ध्यावर अडकलेला, आणि मनात एकच, की आता काहीतरी होणार. काय होणार ते विचारू नका, त्यालाही ठाऊक नसायचं. असं झालं की तो उठायचा आणि नळीतलं पाणी बघायचा. मग वाफेचा काटा, मग पंप, मग परत नळी. बघितलं की घटकाभर बरं वाटायचं. मग परत तेच.

आता एखाद्या शहाण्या घरात काय केलं असतं? त्याला डॉक्टरकडं नेलं असतं. या घरानं काय केलं? त्याला बॉयलरसमोर बसवलं!

"तो आहे ना." त्या घरात इतकं वापरलेलं दुसरं वाक्य नसेल. मागचं दार लावलं का? तो आहे ना. रूळ बंद केले का? तो आहे ना. पंपाचा पट्टा सैल वाटतोय. अहो, तो आहे ना! सगळं घर पाय पसरून झोपायचं आणि हा एकटा जिन्यावरून खाली-वर, खाली-वर. जेवायला बसला तरी दोन घास पोटात, की चालला खाली. परत येईपर्यंत भात गार. म्हातारी कौतुकानं सांगायची, "माझ्या धाकट्याचं लक्ष बघा, एक मिनिट चैन नाही त्याला." कौतुकानं, बरं का! पोराला चैन नाही याचं कौतुक.

मधे एकदा धाकटीनं त्याला एका डॉक्टरकडं नेलंही होतं. गोळ्या दिल्या, गुण येत होता. पण गोळीनं डोळ्यांवर झापड यायची. थोरल्यानं त्याला स्टुलावर पेंगताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांची बाटली गायब. "असली औषधं आपल्या घराला मानवत नाहीत," म्हातारी म्हणाली. घराला! आजार एकट्याला, आणि मानवायचं मात्र घराला.

तर एकदा काय झालं, दवाखान्यात धुतलेले पडदे पोचवताना धाकटीला एका खोलीबाहेर काही माणसं बसलेली दिसली. एक गृहस्थ गुडघा हलवतायत तो थांबतच नाही. एकीनं ओठ चावून चावून सोललेत. तिसरा दर घटकेला उठतो, पंखा डोक्यावर पडणार नाही ना ते बघतो आणि बसतो. धाकटीला वाटलं, ही तर सगळी माझ्या नवऱ्याची भावंडं! गठ्ठा तिथंच ठेवून तिनं नर्सबाईंना विचारलं, "इथं काय मिळतं?"

"सुई," नर्सबाई म्हणाल्या. "मानेत."

आत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं पोक्त, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलणं सरळ. त्यांनी तिला स्टुलावर बसवून समजावलं. मानेत, घशाच्या बाजूला खोलवर, नसांची एक गाठ असते. अंगाला धोक्याची वर्दी पोचवण्यात तिचा हात असतो. ही काळीज धावायला लावते, ही घाम फोडते. सोनोग्राफीच्या यंत्रात बघत बघत त्या गाठीपाशी बधिर करायचं औषध सोडायचं. औषध काही तासांत उतरतं. पण काहीजणांच्या अंगातली धोक्याची घंटा त्यानंतर बरेच दिवस हळू वाजते.

"का?" धाकटीनं विचारलं.

"ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर प्रयोग आहे. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. आधी उजवीकडं एक, आणि ती मानवली तर काही आठवड्यांनी डावीकडं दुसरी."

धाकटीला हे आवडलं. मला कळत नाही असं म्हणणारं माणूस तिनं सासरी अजून पाहिलं नव्हतं.

नवऱ्याला तयार करायला तिला कमी कष्ट पडले नाहीत. सुई चुकीच्या जागी गेली तर? आवाज गेला तर? बॉयलरकडं कोण बघेल? ती म्हणाली, "बॉयलर काय पळून जातोय का?" तो म्हणाला, "पळून जाण्याची भीती नाहीये मला." म्हणजे बघा, विनोद करायचा हो तो, अधूनमधून, धडधडत्या छातीनं.

गेला एकदाचा. घेतली सुई. आणि घरी आला तेव्हा उजवी पापणी अर्ध्यावर लोंबत होती, डोळा लाल, अर्धा चेहरा तापलेला आणि आवाज घोगरा. हे सगळं होणार असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत उतरतं म्हणून. पण घरात ऐकतंय कोण!

"अग बाई," थोरली घडी टाकून म्हणाली, "भावजी मला डोळा मारतायत की काय?"

"अर्धांग!" म्हातारी खुर्चीतून ओरडली. "माझ्या लेकाला अर्धांग झालं! हिनं नेऊन केलं!"

"आई, उतरेल ते," धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"बघा, बोबडी वळली!"

थोरला पुढं आला, भावाकडं खालून वर बघितलं आणि विचारलं, "एका डोळ्यानं नळी दिसते का नीट?"

हे विचारलं बरं त्यानं. दुखलं का, घाबरलास का, काही नाही. नळी दिसते का! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेव्हा ती गिळली तिनं.

पापणी उतरली, म्हणजे वर चढली. आणि चार-पाच दिवसांनी दुपारी जेवताना एक गंमत झाली. धाकटा ताटावर बसला. भाजी घेतली, भाकरी मोडली. खाता खाता मुलीला तिच्या शाळेतलं काहीतरी विचारलं, तिनं सांगितलं, तो हसला, परत थोडा भात मागितला. मग पाणी प्यायला, हात धुतला आणि म्हणाला, "भाजी झकास झालीये." धाकटी त्याच्याकडं बघतच राहिली. तो एकदाही उठला नव्हता. मुलगी एवढी मोठी झाली, पण बापाला पूर्ण जेवताना तिनं पहिल्यांदा पाहिलं असेल.

धाकटीला आधी भरून आलं. ताटं उचलून ती मोरीपाशी गेली, नळ सोडला, आणि तिथं उभ्या उभ्या तिला असा राग आला, असा राग आला की हातातली वाटी तिनं भिंतीवर फेकली. कुणावर राग? एकाएकी नाव घेता येईना. एवढं साधं होतं हे? माणसानं बसून चार घास खावेत, एवढंच? आणि एवढ्याचसाठी या माणसाची सगळी जवानी जिन्यावर गेली, आणि घर म्हणत राहिलं, लक्ष बघा त्याचं!

असे काही आठवडे बरे गेले. सगळंच बदललं असं नाही. अजून रस्त्यात ट्रक फुसकारला की तो दचकायचा. पण दचकायचा आणि विसरायचा. पूर्वी विसरणं नव्हतं.

मग ती दुपार आली. आता नीट ऐका, कारण सगळं भांडण इथं आहे.

जेवण झाल्यावर धाकट्याला झोप आली. माणसाला येते तशी. तो काउंटरपाशी गेला आणि म्हणाला, "दादा, मी जरा पडतो. बॉयलरकडं बघ."

थोरला कुणा हॉटेलवाल्याशी बोलत होता. म्हणाला, "हो हो."

धाकटा गेला, धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर आडवा झाला आणि घोरायला लागला. आणि थोरला? तो जागचा हलला नाही. त्यानं खोटं बोलून 'हो' म्हटलं असंही नाही. त्याच्या कानात ते शिरलंच नव्हतं! लहानपणापासून भावाच्या तोंडून 'बॉयलरकडं मी बघतो' हेच ऐकलेलं. त्या तोंडून 'तू बघ' निघेल हे त्या कानांना माहीतच नव्हतं. धाकट्यानं एक म्हटलं, थोरल्यानं नेहमीचंच ऐकलं. अशी चूक दुसऱ्या कुठल्या घरात होईल सांगा.

पंपाचा पट्टा निसटला. आधीच सैल होता, 'तो आहे ना' म्हणून ठेवलेला. पाणी चढेना, आग चालू, नळीतलं पाणी खाली, खाली, मग दिसेनासं. बॉयलरच्या पोटात मऊ धातूचं एक बूच असतं. पाणी फारच उतरलं की ते वितळतं आणि वाफ आगीवर पडून आग विझते, म्हणजे स्फोट टळतो. तेवढं एक बूच शाबूत होतं म्हणून ही गोष्ट सांगायला उरली. मागच्या खोलीत असा आवाज झाला की म्हातारी खुर्चीसकट फिरली. पांढऱ्या वाफेनं खोली भरली, काळं पाणी चादरींवर आलं, रूळ थांबले. लागलं कुणाला नाही. धाकटा टॉवेलांवरून उठून धावला, तो वाफेच्या दारात जाऊन पुतळ्यासारखा उभा.

दुसऱ्या दिवशी बॉयलरचा फिटर आला. आत डोकं घालून बघितलं, बूच बघितलं, मग वर बघून म्हणाला, "भोंगा कुठंय?"

"कसला भोंगा?" धाकटी तिथंच होती.

"पाणी कमी झालं की वाजतो तो. इथं असतो. इथं तर नुसती झाकणी ठोकलीये."

सगळे थोरल्याकडं बघायला लागले. थोरला म्हणाला, "तो गळत होता. काढून ठेवलाय."

"कधी?"

"झाली असतील काही वर्षं."

"आणि ठेवलाय कुठं?"

फिटरनं इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर ऑफिसच्या दाराशी थांबली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं पितळेचं एक जड धूड लावलेलं होतं. धाकटीच्या पायाला त्यानं कितीदा ठेच लागली होती. तिला वाटायचं जुना नळ असेल.

"हा बघा," फिटर म्हणाला. "दार धरून उभा आहे."

"दुरुस्त करायचा राहून गेला," थोरला म्हणाला. "आणि गरज काय होती? हा भोंग्याच्या आधी उठायचा. भोंगा वाजायची वेळच येत नव्हती!"

धाकटीनं त्या धुडाकडं बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. तिच्या नवऱ्याला आजार झाला म्हणून भोंगा काढला होता. आणि भोंगा काढला म्हणून त्याला बरं होऊ द्यायचं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही यंत्र काढून माणूस बसवलात तिथं? माझा नवरा बसवलात?"

"हळू बोल. बाहेरची माणसं आहेत."

"बाहेरच्यांनाच कळलं म्हणून बोलतेय! घरातल्यांना तर ठाऊकच होतं!"

थोरली मधे पडली. "अगं, सुई दिली नसती तर काही झालं असतं का? इतकी वर्षं काही झालं का?"

"इतकी वर्षं झालं ना! यांना झालं! ते मोजत नाही तुम्ही!"

"मोठी आली," थोरला फणफणला. "आणि तू गं? वरचा गॅस कोण बघतं? कुलूप कोण लावतं? पोरीला ताप आला की उशाशी कोण बसतं? रात्रीची कधी उठलीस तू? तू पण म्हणायचीसच ना, तो आहे ना?"

हा वार धाकटीच्या वर्मी लागला. कारण खरं होतं. गॅसचं बटण तिनं कधी बघितलं नव्हतं. गाडी बंद करून ती जिना चढायची, किल्ली त्याच्या हातात टाकायची आणि बिनघोर झोपायची. तुम्हाला वाटेल, हे कळल्यावर तिचा राग निवला असेल. छे! दुप्पट झाला. माणूस स्वतःवर चिडला की समोरच्यालाही सोडत नाही.

पण खरा घाव पुढं होता. संध्याकाळी ती जिन्यात त्याच्याशेजारी बसली, तर तो परत तसाच. हात ओले, नजर जिन्याखाली. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी झोपलो. कुणी भाजलं असतं. आई दारात बसते. पोरगी तिथून ये-जा करते. मला नको दुसरी सुई. मी होतो तसाच बरा."

"तू सांगून झोपलास!"

"दादानं ऐकलं की नाही ते मी बघायला हवं होतं."

"म्हणजे नळी बघायची, आणि दादाचे कानही बघायचे? अरे, किती बघशील?" ती उठून उभी राहिली. "मी काही तुझी समजूत काढणार नाही. तुला नको तर नको म्हण. पण तुला नकोय की त्यांना नकोय, एवढं आधी ठरव!"

तो उठला आणि जिना उतरून खाली गेला.

दुसऱ्या सुईचा दिवस आला. धाकटी त्याला गाडीतून घेऊन गेली, त्यालाही ठाऊक नव्हतं की घेणार की नाही. आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पोचतात तर काय, थोरला आधीच खुर्चीत बसलेला! स्वच्छ शर्ट, हातात रुमाल, चेहरा असा की कुणाचं मयत आहे.

"डॉक्टर, माझा भाऊ सोन्यासारखा होता," तो सांगत होता. "तुम्ही त्याचा दगड केलात."

"म्हणजे नेमकं काय होतंय त्यांना?"

"झोपतो!"

"कधी?"

"भर दुपारी! आणि उलट बोलतो. मागं एकदा म्हटलं पंप बघ, तर म्हणतो 'नंतर बघतो'. नंतर! आमच्या घरात हा शब्द त्यानं आजवर काढला नव्हता. परवा तर बॉयलर उडाला असता. तुम्ही लिहून घ्या आणि ही दुसरी सुई थांबवा."

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "हे खरं असेल तर मला थांबवावीच लागेल," त्या धाकटीला म्हणाल्या. "सुईनंतर सुस्ती आली, बेफिकिरी आली, कामात अपघात झाला, तर पुढची द्यायची नाही असा नियम आहे. नियम मी केलेला नाही. पण पाळायचा मला आहे."

झालं. धाकटीचा बांध फुटला.

"अपघात यांच्यामुळे नाही झाला! भोंगा काढून दाराला लावला या माणसानं! आणि झोपला तर काय झालं? माणूस झोपला हा रोग झाला का? इतकी वर्षं झोपला नाही तेव्हा आला होता का कुणी तक्रार घेऊन? तेव्हा कुणाला दवाखाना नाही आठवला! बाई, नुकसान झालंय ते बॉयलरचं झालंय. बॉयलरला द्या सुई! गोळ्या दिल्या तर गोळ्या चोरल्या, आता सुई दिली तर..."

"गोळ्या मी चोरल्या नाहीत, आईनं—"

"आईनं घेतल्या आणि तुम्ही गटारात टाकल्या! मला माहीत नाही का!"

"पुरे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण दोघं थांबले. "तुम्ही दोघं बाहेर बसा."

"मी बायको आहे त्यांची."

"मग आधी तुम्ही. मघापासून मी तुमचा आवाज ऐकतेय, यांचा ऐकतेय. ज्याच्या मानेत सुई जायची त्याचा एक शब्द ऐकलेला नाही मी."

धाकटीच्या कानाखाली कुणी वाजवावी तसं झालं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. ती बाहेर आली, दार बंद झालं.

बाहेर एक बाक. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला थोरला, मधे चार माणसं मावतील एवढी जागा. आत काय चाललंय ते ऐकू येईना. तिला एकच दिसत होतं, की तो 'नको' म्हणणार. जिन्यात म्हणाला होता तेच म्हणणार, सवयीनं म्हणणार, आणि उद्यापासून परत स्टूल, परत गार भात. आणि आपण काही करू शकत नाही.

बऱ्याच वेळानं थोरला समोरच्या भिंतीला बघत म्हणाला, "फिटर नवं बूच बसवून गेला, तेव्हापासून मी बसतोय बॉयलरपाशी."

ती बंद दाराकडं बघत राहिली.

"माझे हात कापतात. पाणी आहे ते दिसतंय, तरी परत बघावंसं वाटतं. काल जेवण गेलं नाही. छातीत कसंतरी होतं." त्यानं रुमाल पिळला. "तो कसा बसत होता गं एवढी वर्षं?"

आता कुणालाही वाटेल की इथं तिला पाझर फुटावा. माणूस उघडा पडला होता, खरं बोलत होता. पण ती सांगायची तर जशी आहे तशी सांगतो.

"मग तुम्ही पण घ्या सुई," ती म्हणाली. "रांग लावा. बॉयलरपाशी आईंना बसवू."

थोरल्यानं तिच्याकडं असं बघितलं की हसावं का रडावं त्याला कळेना. मग त्यानं तोंड फिरवलं.

दार उघडलं तेव्हा नर्सबाई त्याला दंडाला धरून बाहेर आणत होत्या. या वेळी डावी पापणी लोंबत होती. धाकटी ताडकन उठली. त्यानं हो म्हटलं होतं!

"बाईंनी विचारलं, झोप कशी होती," तो घोगरा घोगरा म्हणाला. "मी म्हटलं, चांगली होती. मग विचारलं, झोपण्याआधी कुणाला सांगितलं का. म्हटलं, सांगितलं. मग त्या म्हणाल्या, याला बेफिकिरी म्हणत नाहीत." त्यानं लोंबणारी पापणी बोटानं उचलून तिच्याकडं बघितलं. "मला भीती वाटत होती. अजून वाटतेय. पण म्हटलं, द्या."

मग तो थोरल्याकडं वळला. एक डोळा उघडा, एक मिटल्यासारखा.

"दादा, यापुढं मी स्टुलावर बसणार नाही."

"मग कोण बसणार?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? कुणीतरी बसायला हवं ना!"

"हवं," धाकटा म्हणाला. "पण कोण, ते मला माहीत नाही." आणि तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडं चालायला लागला. मागं वळून बघितलं नाही. थोरला बाकापाशी रुमाल धरून उभाच.

पुढचं थोडक्यात सांगतो. भोंगा नवा आला, जुना दुरुस्तीच्या पलीकडं गेला होता. बॉयलरला शिकलेला माणूस ठेवला. तो वेळेवर येतो, वेळेवर जातो आणि जेवायच्या सुट्टीत कुणी हाक मारली तर ओ देत नाही. धाकटा आता गठ्ठे पोचवायला गाडीत बायकोच्या शेजारी बसतो. घरात मात्र पहिल्यासारखं बोलणं नाही. म्हातारी सांगते, सुईनं माझ्या लेकाची माया मारली. थोरली टेबलापलीकडून घड्या नुसत्या सरकवते. आणि सुईचं म्हणाल तर बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. किती दिवस टिकेल ते ठाऊक नाही, परत द्यावी लागेल की नाही तेही नाही. त्याला अजून कधीकधी ते धडधडणं येतं. मधे एकदा सिग्नलला गाडी थांबलेली असताना आलं. धाकटीनं गाडी कडेला घेतली, आणि दोघं तसेच बसून राहिले ते जाईपर्यंत. वरचा गॅस आता तीच बघते. राग मात्र तिचा गेलेला नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही.

तर माझं एक काम करा. तुम्ही त्या बाजूला गेलात आणि ती गाडी उभी दिसली, आत तो बसलेला दिसला, तर बोला त्याच्याशी, चार थट्टेच्या गोष्टी करा, हसतो तो छान. पण सायकल टेकवून, नाहीतर पिशवी ठेवून, 'जरा लक्ष ठेव, आलोच मी' असं तेवढं त्याला म्हणू नका. नाही म्हणायला तो अजून पुरता शिकलेला नाही. तुमची पिशवी तुमच्या हातात असू द्या.